एकलहऱ्याची वीज आणि गावाचे आयुष्य

नवे यंत्र आले की समाज बदलतो, हे विधान आता सर्वमान्य झाले आहे. तथापि ते यंत्र कोणाचे जीवन बदलते, किती काळासाठी बदलते आणि त्या बदलाचा लाभ व भार कोणाच्या वाट्याला येतो, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि क्षेत्रीय अधिकारी यांना मात्र नेमके याच प्रश्नांना रोज सामोरे जावे लागते. त्यांचा ऊहापोह करण्यासाठी नाशिक तालुक्यातील एकलहरे येथील औष्णिक विद्युत केंद्राइतके बोलके उदाहरण महाराष्ट्रात थोडेच सापडेल. या केंद्राने एका शेतीप्रधान गावाला राज्याच्या वीजनकाशावर आणले. आणि आज त्याच केंद्राच्या भवितव्याची चिंता त्या परिसराला लागून राहिली आहे.

पाण्याकडून कोळशाकडे

महाराष्ट्रातील मोठ्या प्रमाणावरील वीजनिर्मितीचा प्रारंभ सह्याद्रीच्या पाण्यावर झाला. टाटांचे खोपोली येथील जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले आणि मुंबईच्या कापड गिरण्यांना घाटावरून वीज मिळू लागली. त्यापाठोपाठ भिवपुरी आणि भिरा ही केंद्रे उभी राहिली. ही वीज प्रामुख्याने मुंबई शहरासाठी आणि उद्योगांसाठी होती. ग्रामीण महाराष्ट्राचा विचार खऱ्या अर्थाने सुरू झाला तो राज्यनिर्मितीनंतर. १९६० च्या जून महिन्यात महाराष्ट्र राज्य वीज मंडळ अस्तित्वात आले आणि १९६२ पासून कोयनेची वीज मिळू लागली.

परंतु जलविद्युत पावसावर आणि धरणातील साठ्यावर अवलंबून असते. शिवाय ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयना परिसरात झालेल्या भूकंपाने वीजनिर्मितीत खंड पडला, तेव्हा एकाच मोठ्या केंद्रावर विसंबून राहण्यातील धोकाही लक्षात आला. वाढत्या मागणीसाठी कोळशावर चालणारी औष्णिक केंद्रे उभारणे अपरिहार्य ठरले. अशा केंद्राला मोठ्या प्रमाणावर पाणी, कोळसा आणण्यासाठी लोहमार्ग आणि विजेला जवळपास गिऱ्हाईक लागते. एकलहरे येथे या तिन्ही गोष्टी होत्या. गोदावरीच्या वरच्या खोऱ्यात गंगापूर व दारणा ही धरणे, जवळून जाणारा मुंबई-भुसावळ लोहमार्ग, आणि नाशिकच्या परिसरात आकार घेत असलेली औद्योगिक वसाहत. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. १९६४ मध्ये ओझर येथील विमान कारखान्याचा पाया घातला गेला. नाशिकला विजेची भूक लागणार, हे तेव्हाच स्पष्ट झाले होते.

एकलहऱ्याचा १४० मेगावॅटचा पहिला संच १९७० मध्ये आणि तेवढ्याच क्षमतेचा दुसरा १९७१ मध्ये कार्यान्वित झाला. पुढे १९७९, १९८० आणि १९८१ या सलग तीन वर्षांत प्रत्येकी २१० मेगावॅटचे तीन संच उभे राहिले. मूळ स्थापित क्षमता अशा रीतीने ९१० मेगावॅट झाली.

एका संचाची भूक

केंद्राचे कार्य समजण्यास कठीण नाही. कोळसा पिठासारखा बारीक दळून हवेच्या झोताने बॉयलरच्या भट्टीत सोडला जातो. त्या उष्णतेने नळ्यांतील पाण्याची उच्च दाबाची वाफ होते. ही वाफ टर्बाइनची पाती मिनिटाला ३,००० फेरे या वेगाने फिरवते आणि त्याला जोडलेले जनित्र वीज निर्माण करते. वापरून झालेली वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी केले जाते आणि ते बॉयलरकडे परत जाते. या थंड करण्याच्या कामासाठीच नदीच्या पाण्याची मोठी गरज असते.

आता थोडा हिशेब मांडू. २१० मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चोवीस तास चालला, तर ५० लाखांहून अधिक युनिट वीज तयार होते. एका युनिटमागे साधारण पाऊण किलोच्या आसपास कोळसा जळतो असे धरले, तर दिवसाला सुमारे पावणेचार हजार टन कोळसा लागतो. म्हणजे एका संचासाठी रोज जवळजवळ एक भरलेली मालगाडी. आपल्या देशातील कोळशात राखेचे प्रमाण बरेच असते. ते सर्वसाधारणपणे एकतृतीयांशाच्या आसपास धरले, तर त्याच संचातून रोज हजार टनांहून अधिक राख बाहेर पडते. दूरच्या शहरात बटण दाबल्यावर दिवा लागतो, तेव्हा त्यामागे शेकडो मैलांवरची खाण, रेल्वेची वाघीण, नदीचे पाणी आणि कोणत्या तरी गावालगत साठणारी राख उभी असते. विजेच्या तारेतून प्रकाश पुढे जातो, राख मात्र मागे राहते.

गावाने दिले ते आणि गावाला मिळाले ते

केंद्रासाठी लागणारी जमीन शेतीची होती. ती संपादन झाली तेव्हा १८९४ चा भूसंपादन कायदा लागू होता. या कायद्यात मोबदल्याची तरतूद होती, पुनर्वसनाची नव्हती. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा १९७६ मध्ये आला, म्हणजे एकलहऱ्याचे पहिले दोन संच सुरू झाल्यानंतर. संपूर्ण देशासाठी योग्य भरपाई आणि पुनर्वसन यांचा एकत्रित विचार करणारा कायदा २०१३ मध्ये संमत होऊन १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला. यंत्र आधी येते आणि त्याच्या परिणामांचा विचार करणारा कायदा मागाहून येतो, याचा हा ठळक पुरावा होय.

भरपाईचा आधार सातबाराचा उतारा. ज्याचे नाव उताऱ्यावर, तो खातेदार. परंतु त्या शेतावर केवळ खातेदारच जगत नव्हता. शेतमजूर, बांधावर गुरे चारणारे, सालगडी आणि ज्यांची नावे सहसा उताऱ्यावर नसत त्या घरातील स्त्रिया, या साऱ्यांचे पोट त्याच जमिनीवर होते. जमिनीचे मोजमाप झाले. उपजीविकेचे झाले नाही. राज्यभरातील प्रकल्पांचा हाच अनुभव आहे.

दुसऱ्या बाजूचे पारडेही हलके नाही. केंद्रासोबत कायम नोकरी आली, कर्मचाऱ्यांची वसाहत आली, रस्ते आले, दुकाने आली. शेतीचे उत्पन्न हंगामाला येते; नोकरीचा पगार महिन्याला येतो. या एका फरकाने घराची घडी बदलते. सावकाराकडे जाण्याचे प्रसंग कमी होतात, मुलांची शाळा नांगरणी-पेरणीच्या दिवसांत चुकत नाही आणि मुलगी शिकवावी की नाही या प्रश्नाचे उत्तर हळूहळू बदलू लागते. त्याचबरोबर काळाचे भानही बदलते. शेतकऱ्याचा दिवस सूर्याबरोबर उगवतो आणि मावळतो. केंद्र मात्र अहोरात्र चालते आणि कामगाराचे जीवन तीन पाळ्यांत वाटले जाते. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपतो, सणाला घरी असेलच असे नाही, आणि शेजारधर्माचे जुने वेळापत्रक त्याला पाळता येत नाही. असे बदल कोणत्याही अहवालात नोंदले जात नाहीत. परंतु समाज बदलतो तो प्रामुख्याने याच वाटेने.

शिवारातील वीज

केंद्राचा प्रभाव त्याच्या कुंपणाशी थांबला नाही. तारा शिवारात गेल्या आणि विहिरीवरची मोट थांबली. मोटेच्या काळात पाणी उपसणे हे बैलांच्या आणि माणसांच्या शक्तीने बांधलेले काम होते. धावेवर बैल दमले की पाणी थांबे. चामड्याची मोट शिवणारा, नाडा आणि सोंदूर वळणारा, चाक बसवणारा सुतार अशा अनेकांचे बलुते त्या एका मोटेत गुंतलेले असे. विजेच्या पंपाने शेतकऱ्याचे श्रम हलके केले आणि दुबार पिकाची वाट मोकळी केली. परंतु त्याच वेळी या कारागिरांचे काम गेले. त्यांच्यातील जे शिकू शकले किंवा शहरात जाऊ शकले ते सावरले. इतरांना मजुरीवाचून गत्यंतर उरले नाही.

नाशिक जिल्ह्यातील द्राक्षशेती हे विजेच्या पाण्याचे फळ आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. निफाड, दिंडोरी परिसरातील बागांना वेळेवर पाणी, ठिबक संचाला दाब आणि निर्यातीच्या मालाला शीतगृह लागते. या तिन्हींना वीज लागते. तथापि मोटेला बैलाच्या दमाची जी मर्यादा होती, ती पंपाला राहिली नाही. विहिरी खोल गेल्या, विंधन विहिरी आल्या आणि भूजलाची पातळी हा चिंतेचा विषय झाला. कृषिपंपाचे बिल अनेक वर्षे प्रत्यक्ष वापरावर नव्हे तर पंपाच्या अश्वशक्तीवर आकारले गेले. २०२४ मध्ये तर ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज देण्याची योजना शासनाने सुरू केली. कष्टकरी शेतकऱ्याला हा मोठाच दिलासा आहे. परंतु विजेची किंमत नसली तरी पाण्याची मर्यादा असते, ही जाणीव गावानेच ठेवावयाची आहे. राज्याचा २००९ चा भूजल अधिनियम ही मर्यादा कायद्याच्या भाषेत सांगतो. ग्रामसभा ती शेजाऱ्याच्या भाषेत सांगू शकते.

घराच्या आतील बदलही तितकाच दूरगामी आहे. विजेवर चालणारी पिठाची गिरणी गावात आली आणि पहाटेचे जाते थांबले. दोन-तीन तासांचे दळण स्त्रीच्या अंगावरून उतरले, ही निःसंशय मुक्ती होती. परंतु जात्यावर बसल्यावरच सुचणाऱ्या आणि गायिल्या जाणाऱ्या ओव्याही त्याबरोबर विरू लागल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या संग्रहित केल्या. दळणाचे कष्ट परत यावेत असे कोणीही म्हणणार नाही. पण कष्टाबरोबर काय जात आहे, याची नोंद वेळीच कोणीतरी घ्यावी लागते, हा त्या संग्रहाचा धडा आहे.

वीज नसण्याचा काळ

एखाद्या यंत्रावर समाज किती विसंबला आहे, हे ते यंत्र थांबल्यावर कळते. २००५ नंतरच्या काही वर्षांत राज्यात विजेचा मोठा तुटवडा भासला आणि भारनियमन हा शब्द लहान मुलांच्याही तोंडी बसला. नळपाणी योजना, गिरणी, मालेगावचे यंत्रमाग, दवाखाना, परीक्षेचा अभ्यास, या सर्वांचे वेळापत्रक भारनियमनाच्या तक्त्यावरून ठरू लागले. मागावर विणलेल्या कापडाच्या मापाने ज्याची मजुरी ठरते, त्याचे वीज गेलेल्या तासाचे नुकसान कोणी भरून देत नाही.

गावठाण आणि शेती यांच्या वीजवाहिन्या वेगळ्या केल्यामुळे घरातील दिवे बऱ्याच प्रमाणात वाचले. शेतीला मात्र ठरावीक तासच आणि तेही अनेकदा रात्रीच वीज मिळत राहिली. थंडीच्या रात्री बांधावर जाऊन पाणी देणे, त्यात सापाची आणि नाशिकच्या ऊसपट्ट्यात बिबट्याची भीती, हे दुःख या भागातील शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. २०१७ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणि २०२३ मधील तिचा दुसरा टप्पा यांचा हेतू शेतीला दिवसा वीज देण्याचा आहे. सूर्य दिवसा तळपतो आणि पाणीही दिवसाच द्यावयाचे असते. या साध्या मेळामुळे सौर तंत्र शेतकऱ्याला जवळचे वाटते.

यंत्राचे आयुष्य, गावाचे आयुष्य

येथे आपण या विषयाच्या गाभ्याशी येतो. औष्णिक संचाचे आयुष्य साधारणपणे पंचवीस ते चाळीस वर्षांचे मानले जाते; योग्य निगा राखल्यास ते आणखी वाढवता येते. गावाचे आयुष्य शतकांचे असते. एकलहऱ्याचे पहिले दोन संच आयुर्मान संपल्याने बंद झाले असून २१० मेगावॅटचे तीन संच, म्हणजे ६३० मेगावॅट क्षमता शिल्लक आहे. हे तिन्ही संचही चाळिशी ओलांडून गेले आहेत. त्यांच्या जागी ६६० मेगावॅटचा आधुनिक संच उभारावा, ही परिसरातील कामगारांची, ग्रामस्थांची व लोकप्रतिनिधींची दीर्घकाळची मागणी आहे.

या मागणीपुढील अडचण समजून घेणे अगत्याचे आहे. २००५ मध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरण यांच्या स्वतंत्र कंपन्या झाल्या. आता ज्या केंद्राची वीज स्वस्त, त्या केंद्राला आधी चालवण्याचा आदेश मिळतो. या क्रमवारीला मेरिट ऑर्डर म्हणतात. एकलहरे कोळशाच्या खाणींपासून दूर आहे. रेल्वेचे भाडे प्रत्येक युनिटच्या किमतीत मिळते. साहजिकच खाणीजवळच्या केंद्रांपुढे ते क्रमवारीत मागे पडते. १९६० च्या दशकात जागा निवडताना जी गोष्ट गैरसोयीची वाटली नव्हती, ती हिशेबाची पद्धत बदलताच निर्णायक ठरली. कामगारांच्या कौशल्यात वा निष्ठेत येथे काही उणे नाही.

इतरत्र काय घडले? नागपूरजवळ कोराडी येथे जुने संच बंद करून ६६० मेगावॅटचे तीन नवे संच उभारण्यात आले. परळी येथे २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी केंद्र बंद ठेवावे लागले, आणि त्यावर अवलंबून असलेल्या बाजारपेठेला त्याची झळ बसली. मुंबईच्या गिरणगावात १९८२ च्या संपानंतर गिरण्यांची धुराडी एकामागून एक थंडावली. गिरण्यांच्या जागेवर मनोरे उभे राहिले, पण गिरणी कामगाराचे घर आणि त्याची चाळसंस्कृती विखुरली गेली. दूरच्या ब्रिटनमध्ये १८८२ साली लंडनमध्ये कोळशावरील सार्वजनिक वीज केंद्र सुरू झाले होते. त्या देशातील रॅटक्लिफ येथील शेवटचे कोळसा केंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले. हवामानबदलाची चिंता आणि सौर-पवन ऊर्जेची घटती किंमत पाहता, कोळशाचे युग आपल्याकडेही कायमचे नाही, हे मान्य करावे लागेल. ते केव्हा संपेल याविषयी मतभेद असू शकतात. त्याची तयारी करावी की नाही, याविषयी नसावेत.

करावयाची तयारी

नवा संच येवो अथवा न येवो, काही कामे आजच हाती घेण्याजोगी आहेत आणि ती ग्रामपातळीवरून सुरू होऊ शकतात.

पहिले काम पैशाचे. ग्रामपंचायत कायद्यानुसार कारखान्यांकडून करांऐवजी ठोक रक्कम घेण्याची सोय आहे. मोठा प्रकल्प हद्दीत असलेल्या पंचायतीचे उत्पन्न शेजारच्या पंचायतींहून अधिक असते. हे उत्पन्न नेहमीच्या खर्चात विरघळू दिले, तर प्रकल्प थांबताच दिवाबत्तीचे बिल भरणेही कठीण होईल. त्यातील ठरावीक हिस्सा पाणी, शाळा, रस्ते अशा टिकाऊ मत्तेसाठीच खर्च करण्याचा ठराव ग्रामसभेने करावा आणि तो गाव विकास आराखड्यात नोंदवावा.

दुसरे काम राखेचे. केंद्र सरकारने १९९९ मध्ये राखेच्या वापराबाबत अधिसूचना काढली आणि २०२१ च्या अधिसूचनेने संपूर्ण राखेच्या विनियोगाची जबाबदारी वीज केंद्रांवर टाकली. राखेपासून विटा होतात, ती सिमेंटमध्ये मिसळली जाते, रस्त्यांच्या भरावात वापरली जाते. हा व्यवसाय स्थानिक तरुणांच्या आणि बचत गटांच्या हाती राहावा, वाहतूक झाकलेल्या वाहनांतून व्हावी आणि राखेच्या तलावालगतच्या विहिरींचे पाणी नियमित तपासले जावे, असा आग्रह पंचायतीने धरणे तिच्या अधिकारातील आहे.

तिसरे काम शिक्षकांचे. बॉयलर, पंप, मोटार, वायरिंग यांचे कसब असलेली माणसे या परिसरात दोन पिढ्या घडली. हे कसब सौर पंपाची दुरुस्ती, शीतगृहांची देखभाल, शेती-प्रक्रिया उद्योग यांकडे वळवता येते. शिकाऊ उमेदवारीचा १९६१ चा कायदा आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांची माहिती दहावीच्या वर्गातच मुलांना आणि मुलींनाही मिळावी. बापाच्या नोकरीवर मुलगा लागेल, ही आशा आता आधार म्हणून पुरेशी नाही.

चौथे काम अधिकाऱ्यांचे. जमीन देणाऱ्या कुटुंबांपैकी कोणाला काय मिळाले आणि कोणाचे काय राहिले, याची गावनिहाय नोंद अद्ययावत करून ग्रामसभेपुढे ठेवावी. केंद्राच्या जमिनीचा पुढे कोणताही वापर ठरवताना या कुटुंबांचा विचार प्रथम व्हावा. जमीन सार्वजनिक हेतूसाठी घेतली होती. तो हेतू संपला तरी सार्वजनिक जबाबदारी संपत नाही.

यंत्र कोठे उभारावे आणि केव्हा थांबवावे हे बहुधा गावाबाहेर ठरते. परंतु ते चालू असताना मिळालेल्या वर्षांचा उपयोग कसा करावयाचा, हे मात्र गावाच्या हाती असते. एकलहऱ्याने अर्ध्या शतकाहून अधिक काळ राज्याला वीज पुरवली आहे. अशा गावांना पुढील अर्धशतकाची आखणी करण्यास साहाय्य करणे हे शासनाचे कर्तव्य आहे. आणि ती आखणी संच चालू असतानाच करणे, हे गावाच्या हिताचे आहे.